रुईचं कूळ कोणतं? एका पंचकोनी फुलाचं प्रकरण

कोणत्याही जुन्या वनस्पतिसंग्रहातून रुईचा कागद, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, काढला, तर कुळाच्या रकान्यात ॲस्क्लेपिएडेसी, म्हणजे रुई कूळ, असं लिहिलेलं सापडतं. कण्हेर, तगर, सदाफुली आणि करवंद यांचे कागद ॲपोसायनेसी म्हणजे करवीर कुळाच्या वेगळ्या गठ्ठ्यात असतात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यातही हीच विभागणी आहे. आजच्या याद्यांत मात्र रुई थेट करवीर कुळात असते आणि रुई कूळ हे नाव एका उपकुळापुरतं उरलं आहे. कारण विचारलं की बहुधा ‘डीएनएमुळे’ असं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. डीएनएची साक्ष या प्रकरणात बरीच उशिरा आली. मुख्य पुरावा फुलातच होता आणि तो दहापट भिंगाखाली कोणालाही पाहता येतो. त्यासाठी रुईचं फूल सदाफुली आणि कण्हेरीच्या फुलाशेजारी ठेवून उघडावं लागतं, आणि नेमकं तेवढंच सहसा केलं जात नाही.

दोन कुळं झाली कशी

१७८९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू यांनी करवीर कुळाची मांडणी केली तेव्हा रुईची भावंडं त्या कुळातच होती. ती वेगळी काढली १८१० च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी. त्यांचं कारण भक्कम होतं. रुईच्या गटात पराग सुटे नसतात, त्यांचे मेणचट गठ्ठे असतात. शिवाय केसरदलं (पुंकेसर) आणि स्त्रीकेसर एकमेकांना चिकटून एक सलग पंचकोनी खांब तयार होतो. सपुष्प वनस्पतींत परागांचे असे गठ्ठे ऑर्किड सोडले तर जवळपास कुठेच दिसत नाहीत. ब्राऊन यांनी पुढे १८३१ मध्ये ऑर्किड आणि रुईगट या दोघांच्या फलनावर निबंध वाचला. पेशीतल्या केंद्रकाला ‘न्यूक्लिअस’ हे नाव मिळालं ते याच निबंधात.

इतकी ठळक खूण हाताशी असताना वेगळं कूळ करणं साहजिक होतं. घोटाळा झाला तो उरलेल्या गटाचा. रुईगटाची ओळख होती ‘परागगठ्ठे आहेत’ आणि करवीर कुळाची ओळख झाली ‘परागगठ्ठे नाहीत’. एखादी गोष्ट नसणं हे नात्याचं लक्षण होत नाही. सदाफुली आणि कण्हेर या दोघींत परागगठ्ठे नाहीत म्हणून त्या एकमेकींच्या सर्वांत जवळच्या, असा अर्थ त्यातून निघत होता आणि तोच पुढे टिकला नाही.

रुईचं फूल उघडताना

कामाला मोठ्या फुलाची रुई, कॅलोट्रोपिस जायगॅन्शिया, घ्यावी. तिचं फूल ४ ते ५ सेंटिमीटरचं असतं, रंग जांभळट किंवा पांढरा, आणि पाकळ्या पसरून मागे वळतात. दुसरी जाती कॅलोट्रोपिस प्रोसेरा. तिची फुलं लहान, पाकळ्या उभ्या आणि टोकं गडद जांभळी. रचना दोघींत तीच, पण पहिल्यांदा उघडणाऱ्याने लहान फुलावर हात शिकू नये. एक पूर्ण उमललेलं फूल, एक उद्या उमलेल अशी कळी आणि एक त्याहून कोवळी कळी, असा संच हवा. साधनं म्हणजे नवं ब्लेड, दोन बारीक सुया, टोकदार चिमटा, दहापट भिंग आणि असला तर १० ते ४० पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप.

आधी चिकाचं पाहावं. देठ कापल्यावर फूल पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवलं की बहुतेक चीक निघून जातो. हातमोजे घालावेत आणि काम चालू असताना डोळ्यांना हात लावू नये. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि दिसणं धूसर होतं. अनेकदा फारसं दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तसं झालंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

पाच पाकळ्या बाहेरच्या बाजूला ओढून बाजूला केल्या की मधला खांब दिसतो. त्याला गायनोस्टेजियम म्हणतात. खांबाला पाच मांसल, दोन्ही बाजूंनी दाबलेले आणि तळाशी वर वळलेल्या नखीचे भाग चिकटलेले असतात. हे कोरोनाचे खंड. हे पाकळ्यांचे भाग नव्हेत, ते केसरदलांच्या पाठीवर वाढतात. आकृती काढताना पहिली चूक इथे होते. कोरोनाचा खंड आणि परागकोश एकाच त्रिज्येवर यायला हवेत आणि पाकळी त्यांच्या मधल्या त्रिज्येवर. ही जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं.

कोरोनाचे खंड चिमट्याने तळापासून काढले की खांबाच्या कडेवर पाच उभ्या फटी दिसतात. प्रत्येक फट दोन शेजारच्या परागकोशांच्या कडक पंखांमध्ये असते. फटीच्या वरच्या टोकाला, खांबाच्या माथ्याच्या पंचकोनाच्या कोपऱ्यावर, गडद तपकिरी ठिपका दिसतो. हा कॉर्पस्क्युलम. सुईचं टोक, किंवा त्याहून चांगलं म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, फटीत खालून घालून वर ओढावा. धागा फटीत सरकत जातो आणि कॉर्पस्क्युलमच्या खाचेत अडकतो. आणखी थोडं ओढलं की तो ठिपका दोन पिवळे, चपटे, मेणचट परागगठ्ठे घेऊन बाहेर येतो. या संपूर्ण जोडणीला पॉलिनेरियम म्हणतात: एक कॉर्पस्क्युलम, दोन बारीक दांड्या म्हणजे ट्रान्सलेटरच्या भुजा, आणि दोन पॉलिनिया म्हणजे परागगठ्ठे (एकवचन पॉलिनियम). मोठ्या भुंग्याच्या पायाला किंवा सोंडेला नेमकं हेच होतं. रुईवर घोंगावणारे काळे सुतारभुंगे पकडून पाहिले तर पायांवर असे गठ्ठे लटकलेले दिसतात.

आता कळी आडवी कापावी, खांबाच्या वरच्या तृतीयांशातून. प्रत्येक परागकोशात दोन पिवळे ठिपके दिसतील, एकूण दहा. विद्यार्थी हमखास एकाच परागकोशातले दोन ठिपके जोडून त्याला पॉलिनेरियम म्हणतात. प्रत्यक्षात एक पॉलिनियम डावीकडच्या परागकोशाचा असतो आणि दुसरा उजवीकडच्या. कॉर्पस्क्युलम दोन परागकोशांच्या मधोमध असतो, म्हणजे पाकळीच्या त्रिज्येवर. परागकोश पाच आणि पॉलिनेरियाही पाचच असल्याने ‘प्रत्येकी एक’ असा हिशोब सहज जुळतो, म्हणून ही चूक परीक्षेच्या वहीतही पुढे सरकते. ऑर्किडमधला परागगठ्ठा एकाच परागकोशातून येतो. रुई आणि ऑर्किड यांचं साम्य वरवरचं आहे, याचा याहून साधा पुरावा नाही.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. खांबाचा सपाट पंचकोनी माथा पाहून बहुतेक जण त्याला किंजल्क, म्हणजे पराग स्वीकारणारं टोक, म्हणतात आणि पराग तिथे पडतात असं लिहितात. माथ्यावर पराग ठेवले तर ते रुजत नाहीत. पराग स्वीकारणारा भाग माथ्याखाली, त्या पाच फटींच्या आतल्या कप्प्यांत असतो. भुंग्याच्या पायावरचा पॉलिनियम दुसऱ्या फुलाच्या फटीत घुसून तिथेच तुटून राहतो, मग आत परागनलिका फुटतात. मधही त्याच कप्प्यांच्या भिंतींतून पाझरतो आणि कोरोनाच्या तळाशी साचतो. म्हणजे भुंगा मधाच्या मागे लागून स्वतःचा पाय बरोबर फटीजवळ आणतो.

खांब उभा चिरला की खाली दोन किंजपुटं (अंडाशय) दिसतात, एकमेकांपासून पूर्ण सुटी. ती जोडली गेली आहेत फक्त वरच्या माथ्यात. रुईच्याच गटातल्या ॲस्क्लेपियास प्रजातीत (जीनसमध्ये) पाच कप्प्यांपैकी तीन एका किंजपुटाकडे आणि दोन दुसऱ्याकडे जातात. एकच पॉलिनियम आत गेला तर सहसा एकच किंजपुट फळतं. रुईच्या घोसात डझनावारी फुलं असूनही फळ एखादंच धरतं आणि तेही बहुधा जोडीतलं एकच, यामागे ही रचना आहे.

सदाफुलीच्या नळीत

सदाफुली, कॅथरँथस रोझिअस, रुईपुढे अगदी साधी वाटते. नळी अरुंद, अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि सगळं गुपित तिच्या तोंडाखाली. नळी सुईने लांबीत चिरून दोन्ही बाजूंनी टाचणीने पसरावी. बोथट ब्लेड वापरलं तर परागकोश चिरडतात आणि पराग सगळीकडे पसरतात.

पाच केसरदलं नळीच्या भिंतीला चिकटलेली, मध्ये सुटी किंजल (स्त्रीकेसराची दांडी), तिच्या टोकाला जाड डोकं. परागकोश डोक्यावर झुकलेले असतात, पण चिकटलेले नसतात. सुईने उचलले की सहज बाजूला होतात. पराग सुटे, पावडरीसारखे. इथवर रुईशी काही जुळत नाही. आता डोक्याकडे नीट पाहावं. वरचा भाग पराग स्वीकारत नाही. बाजूने चिकट द्रव पाझरतो. तळाशी पातळ झालर आहे आणि पराग रुजण्याची जागा त्या झालरीच्या खालच्या बाजूला, छत्रीच्या आतल्या अंगाला असावी तशी. नायलॉनचा धागा नळीत घालून बाहेर काढला तर पराग त्याला चिकटतात ते बाहेर येताना. आत जाताना धागा कोरडा असतो. बाहेर येताना तो आधी झालरीवर पुसला जातो, मग चिकट पट्ट्यावरून घासतो, मग परागांत शिरतो. म्हणजे कीटकाने आणलेले परके पराग पहिल्या पायरीवर पुसून घेतले जातात आणि स्वतःचे पराग शेवटच्या पायरीवर दिले जातात.

सदाफुलीच्या डोक्यालाही माथा वांझ, बाजू चिकट आणि खालचं अंग ग्रहणक्षम असे तीन भाग आहेत, आणि रुईच्या पंचकोनी माथ्यालाही तेच. रुईत चिकट द्रव पाच ठिकाणी घट्ट होऊन कॉर्पस्क्युलम आणि भुजा तयार होतात. म्हणजे तो गडद ठिपका परागकोशाचा भाग नाही, तो किंजलाच्या डोक्यातून पाझरलेला स्राव आहे. सदाफुलीतला डिंक आणि रुईतली पॉलिनेरियमची खुंटी एकाच जागेतून येतात. दोन्हीकडे खाली सुटी किंजपुटं आहेत. सदाफुलीत किंजदलांची, म्हणजे स्त्रीकेसराच्या दोन घटकांची, टोकं सुटी उगवतात आणि वाढताना एकमेकांना भिडून पेशीपातळीवर एकजीव होतात. या जोडणीचा अभ्यास या वनस्पतीत फार बारकाईने झालेला आहे. ब्राऊन यांनी फरक शोधला तो परागकोशात. नातं मात्र डोक्यात होतं.

एक सावधगिरी. ‘दोन सुटी किंजपुटं, वर एक डोकं’ हे करवीर कुळात सर्रास दिसत असलं तरी अपवाद आहेत. करवंद आणि अलमांडा यांत किंजपुटंही जुळलेली असतात. करवंदाचं फळ म्हणूनच एकसंध गोल आणि कण्हेरीचं जोडशेंगेसारखं.

कण्हेर आणि पुढच्या पायऱ्या

कण्हेर घ्यायची ती एकेरी पाकळ्यांची. बागेतल्या गच्च पाकळ्यांच्या कण्हेरीत आणि डबल तगरीत फुलाची मूळ मांडणी बिघडलेली असते. अनेक वर्गांत कण्हेरीचा प्रयोग फसतो तो इथेच. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीही चालत नाही. नावाने कण्हेर असली तरी ती वेगळ्या उपकुळातली आहे.

कण्हेरीचं, म्हणजे निरियम ओलिअँडरचं, फूल चिरलं की गळ्याशी पाकळ्यांच्या तळापासून फुटलेल्या झालरी दिसतात. हाही एक कोरोना, पण पाकळ्यांपासून आलेला. रुईतला कोरोना केसरदलांपासून येतो. दोन्हींना एकच शब्द वापरतात म्हणून ते एकच अवयव समजू नयेत. आत पाच बाणासारखे परागकोश एकत्र येऊन सुळका करतात आणि त्यांची पिसासारखी टोकं वर पिळलेली असतात. त्यातला एक परागकोश सुईने बाहेर ओढायचा प्रयत्न केला तर तो सहज निघत नाही, कारण आतल्या बाजूने तो किंजलाच्या डोक्याला चिकटलेला आहे. शिवाय परागकोशाचा तळचा भाग वांझ, कडक झालेला. पराग फक्त वरच्या भागात. दोन परागकोशांच्या कडक कडांमधून फट तयार झाली आहे आणि ती कीटकाची सोंड डोक्याकडे नेते. रुईच्या फटीची पूर्वतयारी इथे स्पष्ट दिसते. पराग अजून सुटेच आहेत.

पुढची पायरी पाहायला अनंतमूळ म्हणजे उपळसरी योग्य, पण फूल अर्ध्या सेंटिमीटरहून थोडंच मोठं आणि अवयव त्याहून सूक्ष्म. स्टिरिओ मायक्रोस्कोप नसेल तर डोळे थकतील आणि हाती काही लागणार नाही. त्याच उपकुळातली क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा घ्यावी. मूळची मादागास्करची, रबरासाठी आणलेली आणि मग कुंपणांवर मोकाट वाढलेली ही वेल मोठ्या फुलांमुळे फार उपयोगी पडते. तिच्यात किंजलाच्या डोक्यातून पाच चमच्याच्या आकाराचे ट्रान्सलेटर तयार होतात. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला चिकट चकती असते. परागकोश उकलले की पराग चार-चारच्या पुंजक्यांनी या चमच्यात सांडतात. कीटकाला चकती चिकटते आणि चमचा परागांसकट जातो. सेकॅमोनी या छोट्या गटात पुढे गठ्ठेच तयार होतात, पण प्रत्येक पॉलिनेरियमला चार, कारण त्यांच्या परागकोशात चार कप्पे असतात. रुईच्या उपकुळात परागकोशाचे दोनच कप्पे उरतात, म्हणून पॉलिनिया दोन.

जिना नीट लागतो, म्हणूनच संशय घ्यावा

सदाफुली, कण्हेर, अनंतमूळ, सेकॅमोनी, रुई. सुटे पराग, मग डोक्याला चिकटलेले परागकोश, मग चमचा, मग गठ्ठा. वर्गात फळ्यावर हा जिना फार सुबक दिसतो आणि पाठ्यपुस्तकांतही तो असाच येतो. पण या पाचही आजच्या वनस्पती आहेत. कण्हेर ही रुईची आजी नाही. जिना रचनेच्या टप्प्यांचा आहे, वंशावळीचा नाही, आणि अनंतमुळाच्या पायरीवर तो मोडतो.

१९९० च्या दशकात पुरावे एकत्र यायला लागले. १९९४ मध्ये जड, सँडर्स आणि डोनोह्यू यांनी शारीरिक लक्षणांवरून दाखवलं की रुई कूळ वेगळं ठेवलं तर करवीर कूळ अपुरं पडतं, म्हणजे एकाच पूर्वजाचे सगळे वंशज त्यात येत नाहीत. १९९६ मध्ये सेनब्लाड आणि ब्रेमर यांनी हरितद्रव्यकणांतल्या एका जनुकाच्या आधारे तेच मांडलं. १९९८ च्या एपीजी (सपुष्प वनस्पतींच्या वंशावळीवर काम करणारा अभ्यासगट) वर्गीकरणात दोन्ही कुळं एक झाली आणि २००० मध्ये एन्ड्रेस आणि ब्राइन्स यांनी एकत्रित कुळाची पाच उपकुळं केली: राउवोल्फिऑइडी, ॲपोसायनॉइडी, पेरिप्लोकॉइडी, सेकॅमोनॉइडी आणि ॲस्क्लेपिएडॉइडी. सदाफुली पहिल्यात, कण्हेर दुसऱ्यात, अनंतमूळ तिसऱ्यात, रुई पाचव्यात.

२००७ नंतर आणखी जनुकं तपासली गेली तेव्हा वेगळाच मुद्दा पुढे आला. अनंतमुळाचं उपकूळ रुईगटाला अगदी लागून नाही. ते कण्हेरीच्या मोठ्या गटाच्या आत वेगळ्या फांदीवर बसतं. सेकॅमोनी आणि रुई यांच्या सर्वांत जवळचा म्हणून आफ्रिकेतल्या सुट्या परागांच्या वेलींचा एक गट, बायसिई, पुढे आला. याचा अर्थ परागांना एकत्र बांधून ट्रान्सलेटरवर चढवण्याची युक्ती या कुळात बहुधा दोनदा घडली, एकदा अनंतमुळाच्या शाखेत आणि एकदा रुईच्या शाखेत. चमचा हा पॉलिनेरियमचा अर्धवट आराखडा नाही, तो वेगळ्या वाटेने काढलेला तोडगा आहे.

असं दोनदा घडणं आश्चर्याचं नाही. परागकोश डोक्याला चिकटले, फट तयार झाली आणि डोक्यातून घट्ट होणारा स्राव आधीच होता. तिन्ही गोष्टी कण्हेरीच्या पातळीवर जमल्यावर पराग बांधायला फार थोडं नवं लागतं. नवी गोष्ट पुन्हा पुन्हा उगवते ती जिथे अर्धं काम आधीच झालेलं असतं तिथे.

पहिली दोन उपकुळं अजूनही नीटनेटकी नाहीत. सदाफुलीचं उपकूळ आणि कण्हेरीचं उपकूळ हे दोन्ही ‘उरलेल्यांचे’ गट आहेत. कुळाच्या पातळीवर जी अडचण सोडवली तीच उपकुळाच्या पातळीवर शिल्लक आहे. सोयीसाठी नावं चालू ठेवली आहेत आणि आमच्या मते ते योग्यच आहे, मात्र त्यांना नात्याचा पुरावा समजू नये.

एकत्रच का, आणखी तुकडे का नाहीत

दुसरा मार्ग होताच. रुई कूळ कायम ठेवून करवीर कुळाचे अनेक लहान तुकडे करता आले असते, प्रत्येक फांदीला एक कूळ. तसं केलं तर सदाफुली, करवंद, सातवीण, चाफा आणि कण्हेर वेगवेगळ्या कुळांत जातात आणि पांढरा चीक, कळीत पिळलेल्या पाकळ्या, दोन किंजदलं आणि ते तीन भागांचं डोकं ही सगळी सामाईक ओळख कोणत्याच नावात राहत नाही. एकत्र केल्यावर ती एका नावात बसते. नाव ॲपोसायनेसी राहिलं, कारण दोन्हींत ते जुनं आहे. एकत्रित कुळात आता ३५० हून अधिक प्रजाती आणि पाच हजारांच्या आसपास जाती आहेत. कूळ मोठं झालं, पण ओळखायला सोपं झालं.

पिळलेल्या पाकळ्यांबद्दल एक तपशील, कारण तिथे नोंदी कायम गोंधळतात. सदाफुलीच्या उपकुळात कळीतल्या पाकळ्या बहुधा डावीकडे आणि कण्हेरीच्या उपकुळात बहुधा उजवीकडे एकमेकींवर चढतात. दिशा कळी बाहेरून पाहून ठरवली की वरून, हे लिहिलं नाही तर नोंद निरुपयोगी होते. आणि रुईत मुळात चढण नाहीच, पाकळ्यांच्या कडा फक्त टेकलेल्या असतात. पिळ नाही म्हणून रुईला बाहेर काढायचं कारण नाही.

रसायनांच्या पुराव्यालाही असाच हात राखून वापरावा. सर्पगंधा आणि सदाफुलीत इंडोल अल्कलॉइड, कण्हेर आणि रुईत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं. विभागणी छान वाटते, तोवर बिट्टी आठवते. ती सदाफुलीच्या उपकुळात असून तिच्यात हृदयावरची विषं भरपूर आहेत. फुलपाखरांचंही तेच. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर, कॉमन क्रोच्या अळ्या कण्हेर, अनंतमूळ आणि क्रिप्टोस्टेजियावर वाढतात, त्यामुळे कीटकांनाही कूळ कळतं असं म्हणायचा मोह होतो. पण कॉमन क्रो वड-उंबराच्या गटावरही वाढते आणि तो गट या कुळापासून फार दूर आहे.

तोच वाद, एक पायरी खाली: कंदीलपुष्पं

सह्याद्रीत हे प्रकरण संपलेलं नाही. सेरोपेजिया म्हणजे आपली कंदीलपुष्पं किंवा खर्चुडी. फुलाची नळी तळाशी फुगलेली, पाकळ्यांची टोकं वर जुळून पिंजरा झालेला. बारीक माश्या आत घसरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकतात आणि केस सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाहीत. तळाशी रुईचाच गायनोस्टेजियम आहे, पण लहान. पॉलिनिया रुईत लोंबत्या असतात आणि इथे उभ्या. पॉलिनेरियम चिकटतं ते माशीच्या मुखांगाला. इतक्या नाट्यमय नळीमुळे सेरोपेजिया ही पक्की प्रजाती वाटते.

जनुकांनी वेगळं सांगितलं. नळी नसलेली उघड्या फुलांची ब्रॅकिस्टेल्मा, जिच्यातली एक जाती मालवणच्या नावाने ओळखली जाते, आणि जाड खोडाच्या कॅरालुमा व तिची भावंडं ही सगळी सेरोपेजियाच्याच आत वेगवेगळ्या फांद्यांवर बसतात. ‘नळी आहे’ आणि ‘नळी नाही’ अशी विभागणी पुन्हा कोसळली. २०१७ मध्ये ब्राइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना एकाच सेरोपेजियात घातलं. शिंदळ माकुडीचं उदाहरण घ्या. जुन्नर, पुरंदर परिसरातल्या कड्यांवरची ही मांसल वनस्पती पावसाळ्यात पानं धरते, ही तिच्या मांसल भावंडांत दुर्मिळ गोष्ट. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी ती फ्रेरिआ इंडिका म्हणून मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने नोंदवली. पुढे ती कॅरालुमात गेली, मग बोसेरोशियात, आणि २०१७ च्या मांडणीत सेरोपेजियात. फूल मात्र सगळ्या काळात तेच: गडद मरून तारा, पिवळे ठिपके.

कुळाच्या विलीनीकरणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रजातीच्या विलीनीकरणाबद्दल आहे. वंशावळ दोन्हीकडे सारखीच स्पष्ट आहे, पण सेरोपेजियाचे नीट ओळखता येणारे लहान गट करणंही शक्य आहे आणि शेतात, कड्यावर, वनखात्याच्या नोंदीत कॅरालुमा आणि कंदीलपुष्प एकाच प्रजातिनावाने लिहिणं कामाला त्रासाचं आहे. अनेक अभ्यासक जुनी नावं वापरत राहतात ते अज्ञानामुळे नाही.

कागदावर काय लिहावं

वाळलेल्या नमुन्यावरून खात्री करायची असेल तर एकच फूल काढून परीक्षानळीत पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून, दोन-तीन मिनिटं उकळावं. कोरोना पुन्हा फुगतो आणि फट दिसते. चपट्या झालेल्या कोरोनावरून जात ठरवू नये. ताजं फूल साठवायचं तर ७० टक्के अल्कोहोलात, किंवा ९० मिलिलिटर ७० टक्के अल्कोहोल, ५ मिलिलिटर फॉर्मलिन आणि ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड या मिश्रणात. पॉलिनेरिया मोजताना एखादं कॉर्पस्क्युलम गायब असेल तर फूल अपुरं समजू नये, कीटकाने ते नेलेलं असतं. कप्प्यात वेगळ्या रंगाचा किंवा मापाचा पॉलिनियम दिसला तर तो बहुधा पाहुणा असतो, दुसऱ्या फुलातून आलेला. त्यावरून त्याच फुलाचं वर्णन लिहिलं की नवी जाती सापडल्याचा भास होतो.

रुईच्या जुन्या कागदावरची मूळ चिठ्ठी काढू नये. तिच्याखाली नवी निश्चितीची चिठ्ठी चिकटवावी: ॲपोसायनेसी, उपकूळ ॲस्क्लेपिएडॉइडी, तारीख, निश्चिती करणाऱ्याचं नाव. उपकूळ लिहिलं की पॉलिनेरियमची माहिती कुठे हरवत नाही. फ्रेरिआ, कॅरालुमा किंवा ब्रॅकिस्टेल्माच्या कागदावर मूळ नाव, ते कोणत्या वर्गीकरणाप्रमाणे आहे हे, आणि नवीन नाव अशा तिन्ही गोष्टी लिहाव्यात. कपाटातला क्रम मात्र एकाच वर्गीकरणाप्रमाणे ठेवावा, नाहीतर शिंदळ माकुडी चार खणांत शोधावी लागते.